परातीमागचा हात

४ नोव्हेंबर, लातूर

आजची बैठक मी एकट्याने फिरवली. हे लिहिताना थोडी छाती फुगली आहे, ते मान्य करायला हरकत नाही. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

अहमदपूरच्या आमच्या वसतिगृहाला पन्नास वर्षं होताहेत. मी तिथे आठवी ते दहावी राहिलो. फाटकाजवळच्या तीस फूट भिंतीवर सिमेंटचं उठावशिल्प करायचं ठरलं आहे. संस्थेचा सचिव हरिओम हा माझा जुना विद्यार्थी. त्याने देगलूरहून वैजनाथ नावाचा मूर्तिकार बोलावला होता. पस्तिशीचा असेल, कमी बोलतो. त्याने कच्चं चित्र टेबलावर पसरलं आणि सगळे त्यावर वाकले.

मधोमध केवळाबाई मावशी. वसतिगृहाचा स्वयंपाक जन्मभर यांनीच केला. चित्रात त्या सात फूट उंच. संस्थापक श्रीमंत गुरुजी त्यांच्या कमरेला, आणि आम्ही पोरं त्यांच्या पोटऱ्यांएवढी, ताटं घेऊन रांगेत. तोंड बाजूने काढलेलं, डोळा मात्र समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. दोन्ही हात पसरलेले. एका हातात भाकरी, दुसऱ्याची पाचही बोटं उघडी.

"इजिप्तसारखं काढलंय सर," वैजनाथ म्हणाला. "तिकडं ज्याचं मोल जास्त तो मोठा. अन् कुणाचं काही झाकायचं न्हाई."

मी उभा राहिलो. म्हणालो, "तीन हजार वर्षं ही चित्रकला राजांची चाकरी करत होती! राजा डोंगराएवढा, त्याची बायको त्याच्या नडगीएवढी, नोकर मुंगीएवढा. ही उंची आपण अहमदपुरात आणायची? ज्या घरात गुरुजी आणि मजुराचं पोर एका पंगतीत जेवले, तिथे? माणूस माणसाएवढाच दाखवा. एका जागी उभं राहून डोळ्याला जसं दिसतं तसंच दाखवा!"

बैठकीत टाळ्या पडत नाहीत. आज पडल्या.

चित्र गुंडाळता गुंडाळता वैजनाथने विचारलं, "मग मावशीचा उजवा हात? जसा हाय तसा घेऊ का?"

मावशींच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा आहे. चार बोटं नाहीत.

"परातीपुढे बसलेल्या दाखवा," मी म्हणालो. "उजवा हात आपोआप परातीमागे जाईल. एका जागेवरून पाहिलं की काहीतरी झाकलं जातंच. त्यालाच खरं दिसणं म्हणतात."

उत्तर लगेच सुचलं. जरा जास्तच लगेच.

९ नोव्हेंबर

बारा तारखेला नांदेडच्या व्याख्यानमालेत माझा विषय: भिंतीवरची सत्ता. चार दिवस वाचतो आहे. दारूगोळा भरपूर मिळाला. चौकटी आखून माणूस बसवायचे, पायाच्या तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत अठरा घरं, त्याबाहेर जायचं नाही. पुरुष तांबडा, कारण तो उन्हात राबतो. बाई पिवळी, कारण ती घरात. पाय तर पाहण्यासारखे. दोन्ही पायांचे अंगठे आपल्याच बाजूला. हशा नक्की.

एक गोष्ट मात्र अडकून बसली. पुस्तकात म्हटलं आहे की त्या चित्रकाराला 'मला काय दिसलं' हे सांगायचंच नव्हतं. 'काय आहे' ते सांगायचं होतं. म्हणून तळं वरून काढायचं, तळ्यातले मासे बाजूने, काठची झाडं चारही दिशांना आडवी. प्रत्येक गोष्ट जिथून नीट कळते तिथून. थडग्यातलं चित्र पाहण्यासाठी नव्हतं, मेलेल्या माणसाला पुढे उपयोगी पडावं म्हणून होतं. जे काढलं नाही ते त्याला मिळणार नाही.

हे व्याख्यानात घेणार नाही. विषय पातळ होतो.

मोठ्याने वाचून पाहत होतो तेव्हा माझी बायको कुसुम दारात उभी होती. म्हणाली, "नडगीएवढ्या राणीसाठी गळा दाटून आला तुमचा. मी केव्हाची चहा घेऊन उभी आहे. माझी उंची किती धरायची?"

कप घेतला. व्याख्यानात हे वाक्य वापरता येईल का, असा विचार आला. वापरणार नाही.

१२ नोव्हेंबर, नांदेड

सभागृह भरलेलं. पायांना हशा, राणीला टाळ्या, सगळं ठरल्याप्रमाणे.

शेवटाकडे पडद्यावर एक उठावचित्र लावलं. एका देवळाच्या भिंतीवरचं. राजा युद्ध जिंकून आला आहे, आणि त्याच्यापुढे एक ढीग आहे. लेखनिक उभे राहून नोंद करताहेत. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, तो ढीग कसला?"

"हातांचा," मी म्हणालो. "मेलेल्या शत्रूंचे उजवे हात. कापून आणलेले."

आणि पुढचं वाक्य आलं नाही. पाठ होतं. ओठावर होतं. पाणी प्यालो, तरी आलं नाही. मग मी कसाबसा म्हणालो, "प्रत्येक सत्तेच्या पायाशी हा ढीग असतो." टाळ्यांनी छप्पर हललं.

संयोजक म्हणाले, "ते थांबणं! सर, ते थांबणं म्हणजे काय होतं!"

१३ नोव्हेंबर

इथे तरी लिहितो. शेहेचाळीस वर्षं कुठे लिहिलं नाही.

वसतिगृहात दोन म्हशी होत्या आणि हाताने फिरवायचा कडबा कटर. मोठं लोखंडी चाक, त्यालाच पाती. मावशी पेंडी सरकवायच्या, चाक फिरवायची पाळी पोरांची. त्या दिवशी माझी होती. मी दहावीत. वक्तृत्व स्पर्धा आठ दिवसांवर. चाक फिरवता फिरवता मी भाषण पाठ म्हणत होतो. मोठ्याने, हातवाऱ्यांसकट, एक हात चाकावर, एक हवेत. कडब्याचा धांडा अडकला. मावशी म्हणाल्या, "थांब रे." मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणून चालणार नाही. ऐकलं, पण वाक्य पूर्ण व्हायचं होतं. टाळीचं वाक्य होतं.

गुरुजी धावत आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "माझाच हात घसरला."

स्पर्धेत पहिला आलो.

नंतर मी भाषणांत सांगत आलो, 'एका माउलीने या वसतिगृहासाठी आपला हात दिला.' दिला. हा शब्द मी निवडला.

२४ नोव्हेंबर, अहमदपूर

भिंत निम्मी झाली आहे. जाळीवर सिमेंट चढवलेलं, वर गेरूत बुडवलेल्या सुताने मारलेल्या रेषा. माणसं अगदी जिवंत. गुरुजी, पंगत, मागे कौलं. सगळं नजरेच्या नियमाने लांब जाताना लहान होणारं. मी वैजनाथची पाठ थोपटली.

तेवढ्यात रिक्षा थांबली. नात पुनमने केवळाबाईंना हाताला धरून उतरवलं. ऐंशीच्या पुढे आहेत, कंबर वाकली आहे, जीभ मात्र वाकलेली नाही.

भिंतीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ही मी हाय व्हय?"

"हाव मावशी," वैजनाथ म्हणाला.

"नाक बरं काढलंस. अन् माझा दुसरा हात कुठं हाय?"

"परातीमागं हाय."

"मागं कामून? चोरून आणलाय का काय?"

पुनमला हसू आवरेना. मावशी माझ्याकडे वळल्या. "अनंता, तू सांग. तू शिकलेला हायस."

मी सांगितलं. पाहणारा एका जागी असतो, त्यामुळे पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते, हे आधुनिक आहे, हे प्रामाणिक आहे. दोन-तीन मिनिटं बोललो असेन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"लई चांगलं बोलतोस," त्या म्हणाल्या. "पन हात कुठं हाय?"

वैजनाथने पायाने रेतीत रेघ ओढली. म्हणाला, "काढतो मावशी बाहेर. परात खाली घेतो. पण कसा दाखवू? इजिप्तवाले असते तर पाच बोटं दिली असती. चित्रात माणूस पुरा पाहिजे म्हणायचे ते."

"अनंताला इचार," मावशी म्हणाल्या, आणि रिक्षाकडे निघाल्या.

दोघे माझ्याकडे बघत होते, वैजनाथ आणि पुनम. मी म्हणालो, "पाच करा."

आणि मग इजिप्तचं सगळं समर्थन केलं. चित्र म्हणजे चिरंतन देह. त्यात उणीव ठेवणं हा अन्याय. चार नोव्हेंबरला ज्याच्या चिंध्या केल्या ते सगळं तितक्याच आवेशाने.

"म्हणजे आता ते बरोबर?" वैजनाथने विचारलं.

"बरोबर."

"बरं," तो म्हणाला.

यात चूक काय आहे? म्हाताऱ्या बाईला तिचा पुरा हात परत दिला. दगडात का होईना. हे वाक्य पुन्हा वाचलं. सिमेंट आहे, दगड नाही.

५ डिसेंबर, लातूर

पुनमचा फोन. हात बसला, हरिओम खूश आहे, वर्तमानपत्रवाले फोटो काढून गेले.

"आज्जी बघून आली का?"

"हाव सर, कालच."

"काय म्हणाली?"

"म्हणती, ही बाई कोण हाय? माझ्यावानी दिसती. पण हिला भाकरी येत नसंल."

८ डिसेंबर, अहमदपूर

आज मी गेलो. उद्घाटनाच्या दिवशी सगळं जाहीर सांगायचं, असं ठरवून गेलो. एसटीत वाक्यं जुळत गेली. सुरुवात उत्तम जमली होती, ते लिहायला लाज वाटते.

मावशी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. पुनम लसूण सोलत होती.

"मावशी, त्या दिवशी चाक मी..."

"तूच फिरवलंस. दुसरं कोण होतं तिथं? म्हशी?"

मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "तुम्ही गुरुजींना हात घसरला म्हणून सांगितलंत."

"मंग काय सांगायचं? तुला घरी हाकललं असतं. पोरगं बोलतंय चांगलं, बोलू द्यावं म्हटलं. आता वाटतं, लईच बोलू दिलं."

पुनमच्या हातातला लसूण थांबला होता. मावशींनी तिला सोलायची खूण केली.

"बोटांचं मी कवाच सोडलं बाबा. दुसरं सांगते, आईक. दवाखान्यातून आले, दीड महिन्यानं चुलीपाशी बसले. डाव्यानं थापायची, अन् ह्या थोट्यानं फिरवायची. पयली भाकरी वाकडी झाली. समद्या पोरांनी खाल्ली, हसत हसत. तू ताट घेऊन पार तिकडच्या कोपऱ्यात. दुसऱ्याकडून वाढून घेतलीस. शाळा संपस्तोवर माझ्या हाताकडं एकदा बघितलं न्हाईस. मला वाटायचं, पोराला किळस येती."

"किळस नव्हती मावशी."

"मंग काय होतं?"

मी घराच्या छपराकडे पाहिलं.

"भाषणात माझं नाव घेतोस, पोरं येऊन सांगत्यात. घरी आलास की नजर छपराला. भिंतीवर बी त्येच. पयलं परातीमागं घातलास, मंग पाच बोटं चिटकवलीस. जो हाय त्यो हात कुठं हाय? त्या हातानं मी बावीस वर्सं भाकरी केली, तुझ्यामागच्या पोरांना. पाच बोटांनी फकस्त चार वर्सं केली."

मी म्हणालो, उद्घाटनाला हजार माणसांपुढे सगळं सांगतो.

"माइकवर न्हाई!" एवढ्या मोठ्याने की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "माइकवर तू बोललास की टाळ्या पडत्यात. रडत्यात बी लोक. मंग ते तुझं होतंय. माझ्या बोटांवर टाळ्या नकोत मला."

"मग काय करू?"

"भिंतीपाशी हुबा रहा. कुणी इचारलं, ह्या हाताला काय झालं, तर सांग. इचारील त्याला. न इचारता सांगू नको."

मग त्यांनी उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. "अन् आधी बग. त्या वैजनाथाला नीट सांगता आलं पायजे."

मला चित्र येत नाही. याच वहीची मागची पानं उघडली आणि काढायला बसलो. अंगठा जाड, नख झिजून अर्धं. चार गाठी, एकसारख्या नाहीत. दुसरी सर्वांत खाली. कातडी तिथे गुळगुळीत, ओल्या मातीसारखी चमकते. करंगळीच्या जागी टाक्यांची खोल खाच. तळहाताची बाहेरची कड टाचेसारखी कठीण झाली आहे, आणि तिच्यावर तव्याचे काळे डाग, एकावर एक. भाकरी त्या कडेने फिरायची.

समोरून काढला. त्यात कड दिसेना. बाजूने काढला, तर गाठी गेल्या. मग तळवा, मग वरून. एका जागेवरून तो हात कळतच नव्हता. सहा पानं झाली. मावशी बसल्या बसल्या झोपल्या, हात माझ्या मांडीवर तसाच.

निघताना पुनमने भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. खाल्ली. ती पुनमने केलेली होती.

१५ डिसेंबर

वैजनाथने छिन्नीने पाच बोटं फोडली. "तिसऱ्यांदा हात करून राहिलो सर. चौथ्यांदा सांगाल तर देगलूरची गाडी पकडतो."

माझी सहा पानं त्याने भिंतीशी लावून ठेवली होती. तो म्हणाला, "मावशी बाजूनं बसलेली हाय. त्या नजरेनं हात अर्धाच दिसंल. मी तो समोर वळवतो, पुरा. शरीराला जुळणार न्हाई, सांगून ठेवतो. इजिप्तचं होईल."

"होऊ द्या."

त्याला म्हणालो, तुमचं पहिलं चित्र बरोबर होतं, मावशी सात फूट हव्या होत्या. तो सिमेंट कालवत राहिला. म्हणाला, "आता वाळलंय सर ते."

मग हात न थांबवता विचारलं, "बोटं कशी गेली वो?"

मला वाटतं त्याला अंदाज होता. सांगितलं. भिंतीकडे बघून सांगायला लागलो होतो, मग त्याच्याकडे बघून सांगितलं. आवाज माझा वाटला नाही, बारीक निघाला. त्याने थापी धुतली, पुसली, आणि कामाला लागला.

२८ डिसेंबर, अहमदपूर

उद्घाटन झालं. मंडप, फेटे, हजाराहून जास्त माणसं. मी गुरुजींवर बोललो. शब्द पाळला, हाताचा उल्लेख केला नाही, आणि 'हात दिला' हे वाक्यही म्हटलं नाही. भाषण साधारण झालं. हरिओमने खाली आल्यावर विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना? आज आवाज लागला न्हाई."

मग अकरा वाजल्यापासून भिंतीपाशी उभा राहिलो.

हात फार उत्तम झाला आहे. परातीच्या वर, पुरा समोर वळलेला, अंगठा आणि चार गाठी, करंगळीची खाचसुद्धा. शरीराला खरंच जुळत नाही. नजर आधी तिथेच जाते.

लोक आले. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. एकाने कौलं मोजली. एकाने गुरुजींचा चष्मा जुना मॉडेल आहे म्हणून कौतुक केलं. बायकांनी मावशींच्या आकृतीला हळदकुंकू लावलं. माझ्या वेळचे दोघे भेटले, पोटं सुटलेली. त्यांनी हाताकडे पाहिलं, आणि मग मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलू लागले. एक बाई हातापुढे बराच वेळ थांबली. तिने तोंड उघडलं. मी पुढे झालो. ती म्हणाली, "सर, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय."

वैजनाथला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, सांगणं हेच अवघड. आज कळलं, न सांगता उभं राहणं किती अवघड आहे. दोनदा वाटलं, आपणच सुरुवात करावी. एकदा तर एका मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला होता. काढून घेतला.

साडेपाचला मंडपवाले कनाती सोडू लागले. मावशी दिवसभर खुर्चीत बसून हार घेत होत्या. पुनमने त्यांना माझ्यापाशी आणलं.

"किती जणांनी इचारलं?"

"कुणीच नाही मावशी."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गळ्यातला एक हार काढून पुनमकडे दिला, मान चोळली.

"मंग उद्या ये," त्या म्हणाल्या.

लातूरहून अहमदपूरची पहिली गाडी सव्वासातला आहे.